एमआरआय नॉर्मल आलाय, तरी डिस्चार्ज घेऊ नका

पत्र:

नमस्कार डॉक्टर. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझी नणंद २२ वर्षांची, म्हापशाला नोकरी करते, आजवर कधी कसला आजार नाही. महिन्यापूर्वी दोन दिवस ताप आणि डोकेदुखी झाली आणि गेली. मग झोपच उडाली, रात्रभर बडबड, ऑफिसातले लोक माझे मेसेज वाचतात म्हणून फोन फेकला, आणि एक दिवस बाजूला बसलेल्या भावालाच विचारलं की दादा कुठे आहे. मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू केल्या तर अंग ताठ झालं. गेल्या आठवड्यात फिट आली म्हणून अॅडमिट केलं. एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात ऑटोइम्यून एन्सेफलायटीसचा संशय आहे, पाठीतलं पाणी काढायचं, आणि ओटीपोटाची सोनोग्राफी पण करायची. सासूबाई म्हणतात मेंदूचा फोटो चांगला आलाय मग सुई कशाला, घरी नेऊया आणि देवाला कौल लावूया. मिस्टर म्हणतात बेळगावला नेऊन मोठ्या मशीनवर परत एमआरआय करू. कोणी पेट स्कॅन सांगतं. मी मध्येच अडकलेय. काय करू?
– एक वहिनी

उत्तर:

वहिनी, उत्तर आधी सांगते आणि कारणं मागाहून, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. पाठीतलं पाणी काढू द्या, डॉक्टर आज म्हणत असतील तर आजच. सोनोग्राफी पण करू द्या. डिस्चार्ज घेऊ नका आणि बेळगावचा विचार सध्या बाजूला ठेवा. मी रेडिओलॉजिस्ट आहे, आयुष्य एमआरआय आणि सीटी वाचण्यात गेलंय, तुमच्या नणंदेला मी तपासलेलं नाही त्यामुळे तिला हाच आजार आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते तिच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. पण ‘एमआरआय नॉर्मल म्हणजे मेंदूत काही नाही’ हे वाक्य तुमच्या घरात आता जे काम करतंय ते थांबायला हवं, आणि ते माझ्याच खात्यातलं वाक्य आहे म्हणून त्याबद्दल मी ठामपणे बोलू शकते.

ऑटोइम्यून एन्सेफलायटीस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. याचे प्रकार बरेच आहेत, पण २२ वर्षांची मुलगी, आधी ताप-डोकेदुखी, मग झोप जाणं, संशय, विसरणं, अंग ताठ होणं आणि मग फिट, हे सगळं काही आठवड्यांत, असं ऐकल्यावर कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टच्या मनात पहिलं नाव येतं ते एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटीसचं. २००७ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ बायकांच्या केसेस मांडल्या तेव्हा या आजाराला हे नाव मिळालं, त्याआधी अशा मुली मनोरुग्ण म्हणून राहायच्या नाहीतर आयसीयूत निदान न होता जायच्या. म्हणजे ज्याचं नावच अजून वीस वर्षांचं नाही असा हा आजार, त्यामुळे घरच्या मोठ्यांनी कधी ऐकला नसेल तर त्यात त्यांची काही चूक नाही.

या आजारात अँटिबॉडी मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरला चिकटतात आणि पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. पेशी मरत नाही, फुटत नाही, बऱ्याचदा फारशी सुजतही नाही, नुसती तिची बोलण्या-ऐकण्याची दारं कमी होतात. आता एमआरआयला काय दिसतं ते बघा. त्याला पाणी दिसतं, सूज दिसते, रक्तस्राव, गाठ, पू, मेलेला भाग दिसतो. रिसेप्टर किती उरलेत ते जगातल्या कुठल्याच एमआरआय मशीनला दिसत नाही. म्हणूनच या आजारात निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशंटचा पहिला एमआरआय नॉर्मल येतो. आणि याच कारणामुळे हे पेशंट पुष्कळदा चांगले बरेही होतात, कारण पेशी जिवंत असतात, अँटिबॉडी कमी झाल्या की रिसेप्टर परत वर येतात. सासूबाईंना हे एवढंच सांगितलंत तरी चालेल.

२०१६ साली फ्रान्सेस्क ग्राउस, डालमाऊ वगैरे जगभरच्या तज्ज्ञांनी लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय मासिकात या निदानाचे निकष छापले, आजही डॉक्टर तेच धरून चालतात. त्यात एनएमडीए प्रकार ‘बहुधा हाच’ असं म्हणण्यासाठी सहा गोष्टींतल्या चार तीन महिन्यांच्या आत दिसाव्या लागतात: वागणं किंवा आठवण बिघडणं, बोलणं बिघडणं, फिट, अंग ताठ होणं किंवा विचित्र हालचाली, शुद्ध कमी होणं, आणि बीपी, नाडी, श्वास यांचा ताल सुटणं. त्यासोबत दोनांपैकी एक तपासणी बिघडलेली हवी, ईईजी (मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद) नाहीतर पाठीतलं पाणी, आणि अर्थात दुसरी कारणं वगळलेली हवीत. या यादीत बिघडलेल्या एमआरआयची अटच नाही! मी एमआरआयवाली बाई तुम्हाला हे सांगतेय.

मग एमआरआय केला तो फुकट गेला का, तर अजिबात नाही. तरुण मुलीला डोकेदुखी आणि फिट म्हटलं की मेंदूतल्या शिरेत गुठळी झालीय का हे बघावं लागतं, टीबीचा मेनिन्जायटीस (मेंदूच्या आवरणाची सूज) आपल्या देशात कायम डोक्यात ठेवावा लागतो, हर्पीस या विषाणूचा मेंदूज्वर असेल तर तो साधारण एका बाजूला जास्त, कानशिलाच्या आतल्या भागापासून कपाळाच्या तळापर्यंत पसरलेला दिसतो, कधी त्यात रक्ताचे ठिपके असतात, जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या खोल मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग दोन्हीकडून पांढरा होतो. यातलं काहीच दिसलं नाही हीच मोठी माहिती आहे. शिवाय डोक्यात दाब वाढलेला नाही, गाठ नाही, हे कळल्यामुळेच डॉक्टर आता कंबरेत सुई घालायला तयार आहेत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टमुळे पुढची तपासणी अनावश्यक झाली असं नाही, ती सुरक्षित झाली. डॉक्टरांनी तुम्हाला सत्तरी तालुक्याच्या बाजूला काजूच्या बागायतीत गेली होती का, गोचीड चावला का असंही विचारलं असेल, ते माकडतापासाठी, २०१५ पासून तिकडे केसेस झाल्यात, तेव्हा खरं काय ते सांगा. आणि हर्पीससाठी असायक्लोविरची सलाईन सुरू असेल तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग हे औषध कशाला’ म्हणून बंद करायला लावू नका, पाण्याचा पीसीआर, म्हणजे त्यात विषाणू आहे का त्याची तपासणी, येईपर्यंत ते चालू ठेवतात आणि तसंच ठेवायला हवं.

आता मिस्टरांचं मोठं मशीन. त्यांचा जीव बहिणीसाठी तुटतोय हे समजतं, पण १.५ टेस्ला आणि ३ टेस्लामध्ये (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप) फरक आहे तो चित्राच्या बारकाईचा. जिथे सूजच नाही तिथे बारीक चित्र काय दाखवणार? आणि फिट येणाऱ्या, बीपी वरखाली होऊ शकणाऱ्या मुलीला चोर्ला घाटातून अँब्युलन्सने नेणं मला अजिबात पटत नाही, वाटेत श्वास बिघडला तर काय करणार? त्याऐवजी त्यांना एक काम द्या जे खरंच उपयोगाचं आहे. एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसता कागद नको, आणि न्यूरॉलॉजिस्टना विचारा की न्यूरो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून ही परत एकदा ‘लिम्बिक एन्सेफलायटीस आहे का’ (म्हणजे आठवणी-भावनांच्या भागाला सूज आहे का) हा प्रश्न ठेवून बघून घ्याल का. हे असं का म्हणते ते सांगते. स्कॅनच्या फॉर्मवर बऱ्याचदा नुसतं ‘फिट’ किंवा ‘डोकेदुखी’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला पुढचं-मागचं माहीत असलं की त्याची नजर आपोआप हिप्पोकॅम्पसवर जाते, ते कानशिलाच्या आत दोन्हीकडे एकेक असतं, आठवणींचं काम त्याच्याकडे. ते नीट बघायला फ्लेअर नावाचा सीक्वेन्स लागतो, यात मेंदूभोवतीचं पाणी काळं करून टाकतात म्हणजे सुजलेला भाग पांढरा उठून दिसतो, आणि त्याचे काप समोरून घेतलेले असले की डावा-उजवा हिप्पोकॅम्पस शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. लिम्बिक एन्सेफलायटीसमध्ये दोन्हीकडे किंचित फुगलेला, किंचित पांढरा, इतका किंचित की पेशंट हलली असेल तर तो त्या हलण्यातच बुडून जातो. तुमची नणंद त्या दिवशी शांत पडून राहिली असेल असं मला वाटत नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘मोशन आर्टिफॅक्ट’ असे शब्द आहेत का बघा, असले तर ते डॉक्टरांना दाखवा.

पुढे एमआरआय परत करायची वेळ येऊ शकते, काहींचा पहिला नॉर्मल आणि नंतरचा बिघडलेला येतो. तो कधी करायचा ते डॉक्टर ठरवतील, शक्यतो इथेच, गरज पडली तर भूल देऊन. तेव्हाची तयारी आत्ताच सांगून ठेवते. केसांतल्या पिना, पैंजण, कानातलं, गळ्यातला काळा दोरा आणि त्यातला ताईत, कपड्याला आतून लावलेली सेफ्टी पिन, हे सगळं काढायचं. ताईत काढायला घरच्यांचा जीव होत नाही हे मी काचेपलीकडून खूपदा बघितलंय, तो सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांना बाहेर तो धरून बसू दे. आवाज मोठा असतो, कानात बोळे घालतात, डोक्यावर जाळीसारखी पेटी येते, संशयाने आधीच घाबरलेल्या मुलीला हे भयंकर वाटतं, म्हणून जिचा आवाज तिला ओळखीचा आहे अशी व्यक्ती आत नेता येईल का ते टेक्निशियनला विचारा, त्या व्यक्तीने पण अंगावरचं सगळं धातूचं काढायचं. आणि एक, फिट नुकतीच आली असेल तर फिटमुळेही हिप्पोकॅम्पस काही दिवस पांढरा दिसू शकतो, म्हणून शेवटची फिट कधी आली ती तारीख-वेळ फॉर्मवर असू द्या.

पेट स्कॅनचं म्हणाल तर ज्याने सांगितलं त्याने उगाच नाही सांगितलं. पेटमध्ये मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतोय ते दिसतं, आणि एनएमडीएच्या पेशंटमध्ये मेंदूचा मागचा, नजरेचा भाग थंडावलेला आणि पुढचे भाग त्यामानाने तापलेले असं चित्र बऱ्याचदा सापडतं, एमआरआय नॉर्मल असताना सुद्धा. पण पेटसाठी उपाशी ठेवावं लागतं, इंजेक्शननंतर शांत पडून राहावं लागतं, झोपेच्या आणि फिटच्या औषधांनी चित्र बदलतं. तिच्या आजच्या अवस्थेत मी आधी पाणी आणि ईईजी करीन, त्यानंतरही अडलं तर पेट. ईईजी झाला नसेल तर तो आवर्जून विचारा, स्वस्त आहे, खाटेपाशी होतो, आणि यातल्या काही पेशंटमध्ये ‘एक्स्ट्रीम डेल्टा ब्रश’ नावाची एक खास लाट दिसते जी दिसली की संशय फार बळावतो.

पाठीतल्या पाण्याची भीती मला माहीत आहे, ‘सुई लागली की पाय जातात’ हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. मणक्यातली मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपते, सुई त्याच्या खाली घालतात जिथे नुसते धागे पाण्यात तरंगत असतात. नंतर डोकं दुखू शकतं, उठून बसलं की जास्त, ते बहुतेक वेळा काही दिवसांत जातं. हे पाणी तिच्यासाठी एमआरआयपेक्षा जास्त बोलणार आहे. त्यात पेशी वाढल्यात का ते त्याच दिवशी कळतं, जंतूंच्या तपासण्या होतात, आणि एनएमडीएची अँटिबॉडी रक्तापेक्षा पाण्यात जास्त खात्रीने सापडते, काही पेशंटमध्ये रक्त निगेटिव्ह आणि पाणी पॉझिटिव्ह असं होतं. म्हणून एवढं नक्की विचारा की अँटिबॉडी पॅनेलसाठी रक्त आणि पाणी दोन्ही जातंय ना. रिपोर्ट बाहेरून यायला दिवस लागतात. तोवर डॉक्टरांनी बाकी कारणं वगळून मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या निरोगी लोकांच्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटिबॉडीवाला द्रव बदलणं) सुरू करायचं म्हटलं तर ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ असं म्हणू नका, यात लवकर सुरू केलेली ट्रीटमेंट पुढे फरक पाडते. आयव्हीआयजी महाग आहे, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजनेचं कार्ड असेल तर ते आणि आधार आजच हॉस्पिटलात आणून ठेवा आणि त्यात काय काय बसतं ते तिथल्या काउंटरवर लेखी विचारा.

ओटीपोटाच्या सोनोग्राफीवरून घरात कुजबुज सुरू झाली असणार, लग्न न झालेली मुलगी म्हणून. सासूबाईंना स्पष्ट सांगा, डॉक्टर गरोदरपणाची चौकशी करत नाहीयेत. तरुण बायकांमध्ये या आजारामागे पुष्कळदा अंडाशयातली टेराटोमा नावाची गाठ निघते. या गाठीत केस, चरबी, कधी दात आणि मेंदूसारखा पेशींचा थर पण असतो, प्रतिकारशक्ती त्या थरावर चालून जाते आणि तोच राग मेंदूवर निघतो. गाठ असली तर ती काढल्याशिवाय नुसत्या औषधाने पुरेसा गुण येत नाही. तपासणी पोटावरूनच होते, लघवी भरलेली लागते एवढंच, आणि शंका राहिली तर ओटीपोटाचा एमआरआय करतात, त्यात गाठीतली चरबी छान ओळखू येते. इथे मात्र एमआरआयवर माझा पूर्ण भरवसा आहे.

गोळ्यांनी अंग ताठ झालं हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, ते डॉक्टरांना ओझरतं सांगू नका. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेला सुरू, कितव्या दिवशी ताठ झाली, ताप होता का, सगळं. गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. मनोविकाराच्या काही औषधांनी हे पेशंट जास्त बिघडतात आणि हा निदानाचाही एक धागा आहे. ज्यांनी ती औषधं दिली त्यांच्यावर राग धरू नका, सुरुवातीला हा आजार हुबेहूब मानसिक आजारासारखाच दिसतो आणि बरेच पेशंट पहिल्यांदा तिथेच जातात. तोंडाच्या चावल्यासारख्या हालचाली, एकटक बघणं, हात विचित्र वळणं असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी, फॅमिली ग्रुपवर टाकू नका, ती बरी होणार आहे आणि तेव्हा तिला ते बघायला लागू नये.

कौलाबद्दल. सासूबाईंना अडवू नका. त्यांनी देवळात जावं, नारळ ठेवावा, गाऱ्हाणं घालावं, प्रसाद मागावा, लेकीसाठी आईने दुसरं काय करायचं. फक्त नणंद वॉर्डातच राहील. तिला उठवून नेणं, उपास घडवणं, अंगारा पाण्यातून पाजणं हे नाही, तिला गिळता येत नसेल तर ते पाणी सरळ फुफ्फुसात जाईल. हे तुम्ही सुनेने सांगण्यापेक्षा मिस्टरांनी सांगितलेलं बरं.

बरी होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तोच प्रश्न आहे ना. २०१३ साली ५७७ पेशंटचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात पहिल्या ट्रीटमेंटने किंवा गाठ काढल्यावर चार आठवड्यांत निम्म्याहून थोडे जास्त सुधारले, आणि दोन वर्षांनी १०० पैकी ८१ जण स्वतःचं स्वतः करण्याइतके चांगले होते. दोन वर्षांनी, हे लक्षात घ्या. दहा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून हात टेकू नका, पहिल्या औषधांनी नाही झालं तर रिटक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड अशी दुसरी फळी आहे, आणि सुधारणा महिनोन् महिने चालू राहते. मधे आयसीयूत जावं लागलं तरी ते शेवटाचं लक्षण नाही. काहींना आजार परत येतो, म्हणून बरी झाल्यावरही फॉलोअप सोडायचा नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट, कारण असाच घोळ उलट्या बाजूनेही होतो: घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसाचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात दिवसातून कितीतरी वेळा क्षणभर आखडतो, विसरणं वाढतंय आणि रक्तात सोडियम कमी येतंय, तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, तो ऑटोइम्यून एन्सेफलायटीसचाच एलजीआय१ नावाचा प्रकार असू शकतो. त्यात एमआरआय बऱ्याचदा बोलतो आणि पाठीतलं पाणी गप्प राहतं, अँटिबॉडी रक्तात जास्त सापडते.

वहिनी, आज रात्री एका कागदावर तारखांची यादी काढा, ताप कधी, झोप कधी गेली, फोन कधी फेकला, भावाला कधी ओळखलं नाही, गोळी कधी, फिट कधी. राउंडला डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, तो कागद सरळ हातात द्या. आणि पाण्यातल्या पेशींचा आकडा आणि ईईजीचा रिपोर्ट आला की नाव झाकून मला पाठवा, मी वाचून लगेच लिहीन.